इस्पितळांचा हिशेब : अंश आणि छेद

कोणतें इस्पितळ भरवशाचें, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत सवडीनें कधींच विचारला जात नाहीं. घरांतील वडील माणसाच्या छातींत कळ येते, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीं, किंवा मुलाचा ताप चौथ्या दिवशींही उतरत नाहीं. तेव्हां शेजाऱ्यांना, आप्तांना, फोनवर सांपडेल त्याला विचारून कोणी तरी एक नांव पुढें करतो व गाडी त्या दिशेनें निघते. त्या नांवामागें पुरावा असतो तो एवढाच कीं, अमक्याचा मामा तेथून बरा होऊन आला, किंवा तमक्याची आत्या तेथें गेली ती परत आली नाहीं. ज्या घरांत मुलाच्या महाविद्यालयाची निवड महिनेच्या महिने कोष्टकें मांडून होते, त्याच घरांत जीवनमरणाची निवड दोनचार ऐकीव गोष्टींवर व्हावी, हें विचार करण्यासारखें आहे. इस्पितळाच्या भरवशाचें माप आंकड्यांनीं घेण्याचा उद्योग केव्हां सुरू झाला, त्यांत कोठें कोठें ठेंचा लागल्या, आणि आमच्या ठाणें जिल्ह्यास त्यापासून काय घेतां येण्यासारखें आहे, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं कोलशेत घेऊं. ठाणें शहराच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या खाडीकांठीं वसलेलें हें मूळचें कोळी-आगरी गांव. पुढें त्याच्या रस्त्यावर रसायनांचे कारखाने आले, आणि आतां त्याच रस्त्याच्या दुतर्फा उंच उंच इमारती उभ्या आहेत. ठाणें महानगरपालिका १९८२ सालीं स्थापन झाली. आज कोलशेत तिच्या हद्दींत मोडतें. येथल्या दुखणाइतास जवळचा दवाखाना पुरेनासा झाला म्हणजे वाटा मोजक्याच उरतात. ज्याच्या गांठीं पैसा किंवा विमा आहे, तो घोडबंदर रस्त्यावरील खाजगी इस्पितळांत जातो. ज्याच्यापाशीं तो नाहीं, तो कापूरबावडीवरून ठाण्याच्या ‘सिव्हिल’मध्यें, म्हणजे विठ्ठल सायन्ना यांच्या नांवाच्या जिल्हा रुग्णालयांत, किंवा खाडीपूल ओलांडून कळव्याच्या छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालयांत जातो, तेथेंही भागलें नाहीं तर शीव किंवा परळ. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा निघाला; त्यापूर्वींच्या अखंड ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीप्रमाणें १,१०,६०,१४८ होती व साऱ्या भारतांत एवढ्या वस्तीचा दुसरा जिल्हा नव्हता. अशा जिल्ह्याच्या सिव्हिलची जुनी वास्तु मोडून तेथें नऊशें खाटांचें नवें रुग्णालय उभारण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, आणि त्याचा कारभार तात्पुरता मनोरुग्णालयाच्या आवारांत हलविला गेला. साहजिकच कळव्याचा भार वाढला.

ऑगस्ट २०२३ च्या १२ व १३ ह्या तारखांच्या सुमारास, चोवीस तासांच्या अवधींत, कळव्याच्या ह्या रुग्णालयांत अठरा रुग्ण दगावले. त्यांत दहा स्त्रिया व आठ पुरुष होते. बारा जण पन्नाशी उलटलेले होते. ते एकट्या ठाणें शहराचे नव्हते. कल्याण, शहापूर, भिवंडी, उल्हासनगर, थेट गोवंडीपर्यंतचे होते. राज्य सरकारनें आरोग्य आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली. दोन महिने होतात न होतात तोंच नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत एका दिवसांत चोवीस मृत्यु झाले, पैकीं बारा नवजात अर्भकें होतीं. मुंबई उच्च न्यायालयानें त्या प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली. दोन्ही वेळीं एक पक्ष म्हणाला, हा सरळ हलगर्जीपणा आहे; दुसरा म्हणाला, रुग्ण अत्यवस्थ स्थितींतच आणले गेले होते, तेथें डॉक्टरांनीं काय करावें? दोन्ही पक्षांच्या हातीं आंकडा एकच होता. ते अठरा कशापैकीं अठरा, हा प्रश्न मात्र वादाच्या गलबल्यांत मागेंच राहिला.

अपूर्णांकास दोन अंगें असतात, वर अंश व खालीं छेद, हें आपण लहानपणींच शिकतों. इस्पितळांच्या हिशेबाचा दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हा, आमच्या मतें, बहुतांशीं योग्य छेदाच्या शोधाचा इतिहास आहे.

त्या इतिहासाच्या आरंभीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभी आहे. हातीं दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ती आपल्या क्रमिक पुस्तकांत येते. पण आंकड्यांची तिला जी गोडी होती ती फारशी कोणी सांगत नाहीं. क्रिमियाच्या युद्धांत सैनिक शत्रूच्या गोळीपेक्षां रोगानें अधिक मेले, हें तिनें कोष्टकें व रंगीत आकृत्या काढून विलायतेच्या सरकारास दाखविलें. सर्व इस्पितळांनीं एकाच नमुन्याचीं कोष्टकें भरावींत, अशी योजना तिनें १८६० सालीं लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढें मांडली. आमच्या देशाशींही तिचा संबंध जडला. येथील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल १८६३ सालीं निघाला; दर हजारीं ६९ सैनिक दरसाल मरतात, हा त्यांतील आंकडा तिनें विलायतेंत गाजविला, आणि पुढें पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं तिचा पत्रव्यवहार होता.

परंतु ह्याच १८६३ सालीं, इस्पितळांविषयींच्या आपल्या पुस्तकाची तिसरी आवृत्ति काढतांना, तिनें आपला स्नेही विल्यम फार ह्यानें तयार केलेलें एक कोष्टक छापलें व त्यावरून मोठें वादळ उठलें. इंग्लंडांतील १०६ मुख्य इस्पितळांतील १८६१ सालचे मृत्यु त्यांत दिले होते. लंडनच्या २४ इस्पितळांपुढें मृत्यूचें प्रमाण होतें शेंकडा ९०.८४! परगण्यांतील २५ इस्पितळांपुढें होतें ३९.४१. वाचणाऱ्यास वाटावें कीं, लंडनच्या इस्पितळांत पाऊल टाकणाऱ्या दहांपैकीं नऊ माणसें स्मशानांत जात होतीं. वस्तुतः फारनें केलें होतें तें असें: वर्षभरांत झालेले ३,८२८ मृत्यु अंशस्थानीं मांडले, आणि छेदस्थानीं ८ एप्रिल १८६१ ह्या एकाच दिवशीं खाटांवर असलेले ४,२१४ रुग्ण घेतले. एका खाटेवर वर्षाकांठीं दहा रुग्ण येऊन गेले असें धरलें, तर वर्षाचे रुग्ण बेचाळीस हजारांवर जातात व मृत्यूचें प्रमाण शेंकडा नवावर येतें. अंश तोच, छेद बदलला आणि नव्वदाचे नऊ झाले.

टीकाकार गप्प बसले नाहींत. ब्रिस्टो व होम्स ह्या दोन डॉक्टरांनीं सरकारसाठीं इस्पितळांची पाहणी केली होती. त्यांनीं दाखविलें कीं, मोठ्या शहरांत अवघड दुखणीं व गंभीर अपघात मोठ्या इस्पितळांत येतात, तर गांवोगांवचीं लहान इस्पितळें असे रुग्ण घेतही नाहींत. तेव्हां दोहोंची तुलना करणें म्हणजे ओझें वाहणाऱ्या बैलाची व मोकळ्या गाईची चाल ताडून पाहणें होय. नाइटिंगेलचें मूळ म्हणणें, कीं दाटी, कोंदट हवा व घाण ह्यांनीं इस्पितळेंच माणसें मारतात, हें पुष्कळ अंशीं खरें होतें. पण खरें म्हणणें चुकीच्या आंकड्यावर उभें केल्यामुळें विरोधकांस तें खोडणें सोपें गेलें. तिचीं एकसारखीं कोष्टकें लंडनच्या कांहीं इस्पितळांनीं थोडे दिवस भरलीं व मग सोडून दिलीं.

निवडीच्या ह्या घोटाळ्याचें दारुण स्वरूप तीस-पस्तीस वर्षांनीं आमच्याच मुलखानें पाहिलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. घरोघर तपासण्या करून रोगी हुडकावयाचे व त्यांस जबरदस्तीनें इस्पितळांत न्यावयाचें, असें सरकारी धोरण ठरलें. लोकांनीं रोगी माळ्यावर, कोठारांत दडविले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. ‘इस्पितळांत गेलेला परत येत नाहीं’ ही समजूत सर्वत्र होती, आणि तींत तथ्य नव्हतें असेंही नाहीं. परंतु तिच्या मुळाशीं एक चक्र होतें. भीतीमुळें रोगी लपे. लपलेला रोगी अगदीं शेवटच्या घटकेस सांपडे. शेवटच्या घटकेस आलेला मरे. आणि त्याच्या मरणानें भीति आणखी वाढे. इस्पितळांतील मृत्यूचें प्रमाण हें तेथल्या उपचारांचें माप राहिलें नव्हतें. तें लोकांच्या भीतीचेंही माप झालें होतें.

त्याच साथींत तुलना कशी करावी ह्याचा धडाही मुंबईनेंच दिला. वाल्डेमार हाफकीन ह्या शास्त्रज्ञानें प्लेगवरील लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला, तेव्हां तेथील कैद्यांपैकीं जे तयार झाले त्यांस लस टोंचण्यांत आली. बाकीचे तसेच राहिले. सर्वांचें अन्न एक, हवा एक, भिंती एक. फरक होता तो बहुतांशीं लसीचा. टोंचलेल्यांत आजारी व मृत कमी निघाले, ही गोष्ट म्हणून जगास पटण्याजोगी झाली. सारख्याची तुलना सारख्याशीं करावी, हा संख्याशास्त्राचा पहिला नियम भायखळ्याच्या तुरुंगांत आपोआप पाळला गेला. परंतु नगरांत कोणी रुग्णांस कोंडून सारखे करूं शकत नाहीं. तेथें हें काम गणितास करावें लागतें.

तें गणित होण्यास आधीं नोंद हवी. अमेरिकेंत बोस्टन येथील अर्नेस्ट कॉडमन ह्या शस्त्रवैद्यानें १९१० च्या सुमारास आग्रह धरला कीं, प्रत्येक रुग्णाचें कार्ड ठेवावें, त्याला घरीं पाठविल्यावरही वर्षभरानें पुन्हां पाहावें, आणि बरा झाला नसेल तर कां झाला नाहीं तें लिहावें. वरिष्ठांशीं न पटल्यामुळें १९१४ सालीं त्यानें तेथील मोठ्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. स्वतःच्या लहानशा रुग्णालयांतून १९११ ते १९१६ ह्या काळांत घरीं गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यानें छापला, आणि त्यांत १२३ चुका स्वतः नोंदवून दाखविल्या. समव्यवसायींनीं त्याला वेडा ठरविलें. इस्पितळाचें यश हें रुग्ण दाराबाहेर पडतो त्या क्षणीं मोजावयाचें नसून तो घरीं कसा जगतो ह्यावर मोजावयाचें, ही त्याची कल्पना आज मान्य झाली आहे.

आतां गणिताकडे वळूं. तें दिसतें तितकें दुर्बोध नाहीं. समजा, एका गांवांत दोन इस्पितळें आहेत व दोहोंत वर्षाला हजार हजार रुग्ण येतात. पहिल्यांत हजारांत नऊशें साधे रुग्ण, पैकीं १८ मेले; शंभर अत्यवस्थ, पैकीं २० मेले. एकूण ३८, म्हणजे शेंकडा ३.८. दुसऱ्यांत साधे रुग्ण तीनशें, पैकीं ३ मेले. अत्यवस्थ सातशें, पैकीं १०५ मेले. एकूण १०८, म्हणजे शेंकडा १०.८. वरवर पाहणारा म्हणेल, दुसरें इस्पितळ तिपटीनें वाईट. पण पुन्हां पाहा. साध्या रुग्णांत पहिल्याचें प्रमाण शेंकडा दोन, दुसऱ्याचें एक. अत्यवस्थांत पहिल्याचें वीस, दुसऱ्याचें पंधरा. दोन्ही वर्गांत दुसरेंच सरस आहे! त्याचा दोष इतकाच कीं, मरणाच्या दारीं असलेल्यांना त्यानें परत पाठविलें नाहीं.

संख्याशास्त्री येथें काय करतात? ते विचारतात: दुसऱ्या इस्पितळांत आलेले हेच रुग्ण पहिल्यासारख्या ठिकाणीं गेले असते, तर किती मेले असते? तीनशें साध्यांपैकीं शेंकडा दोन म्हणजे ६, व सातशें अत्यवस्थांपैकीं शेंकडा वीस म्हणजे १४०, मिळून १४६. हे झाले अपेक्षित मृत्यु. प्रत्यक्ष झाले १०८. ह्या दोहोंचें गुणोत्तर शंभरावर मांडलें तर ७४ येतें. शंभरापेक्षां कमी तें चांगलें. वय, रोग, आगमनाच्या वेळची अवस्था, जोडीचीं दुखणीं अशा अनेक गोष्टी एकाच वेळीं ध्यानांत घेऊन अपेक्षित मृत्यूंचा अंदाज बांधणाऱ्या गणिती रचनेस प्रतिमान म्हणतात. इंग्लंडांत ब्रायन जार्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं तेथल्या रुग्णालयांचीं अशीं गुणोत्तरें प्रसिद्ध केलीं, तेव्हां एक गोष्ट ठळकपणें पुढें आली: खाटांच्या मानानें डॉक्टर जेथें अधिक, तेथें मृत्यु कमी. ब्रिस्टल येथील बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांच्या चौकशीचा अहवाल २००१ सालीं निघाला. त्या कामीं संख्याशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, १९९१ ते १९९५ ह्या काळांत एक वर्षाच्या आंतील ३० ते ३५ बालकें अपेक्षेपेक्षां जास्त दगावलीं. त्या मातापित्यांस वर्षानुवर्षें हें नशीब म्हणून सांगितलें गेलें होतें.

तथापि प्रतिमान म्हणजे देववाणी नव्हे. इंग्लंडांतच स्टॅफर्ड येथील रुग्णालयाचें २००५–०६ सालचें गुणोत्तर १२७ निघालें. चालकांनीं सांगितलें, दोष उपचाराचा नसून कारकुनी नोंदींचा आहे. आणि त्यांनीं आधीं नोंदीच तपासावयास घेतल्या. नोंदींत दोष असूं शकतो, हें खरेंच आहे: रुग्णाचीं जोडीचीं दुखणीं अधिक लिहिलीं कीं अपेक्षित मृत्यु वाढतात व गुणोत्तर आपोआप गोजिरें होतें. पण रुग्णांचे आप्त वॉर्डांतील हाल डोळ्यांनीं पाहत होते, व त्यांच्या चिकाटीमुळेंच शेवटीं चौकशी झाली. २०१३ सालीं निघालेल्या फ्रॅन्सिस अहवालानें त्या हालांवर शिक्कामोर्तब केलें. आंकडा हा घरांत वाजणाऱ्या घंटेसारखा आहे. घंटा वाजली म्हणजे आग लागलीच असें नव्हे. पण उठून पाहण्याऐवजीं घंटाच दुरुस्तीस पाठविणें हें शहाणपण नव्हे.

आणखी एका गोष्टीचा विचार करावयास हवा, तो योगायोगाचा. प्वासों ह्या फ्रेंच गणितज्ञानें १८३७ सालीं, न्यायालयांच्या निकालांविषयींच्या आपल्या ग्रंथांत, विरळ घटनांचा एक नियम मांडला. १८९८ सालीं बोर्टकिएविच ह्यानें तो प्रशियाच्या सैन्यांत घोड्याची लाथ बसून मरणाऱ्या सैनिकांस लावून दाखविला. वर्षाला सरासरी किती मरतात तें ठाऊक असलें, तर एखाद्या वर्षीं तिप्पट मरण्याचा संभव किती, हें त्यावरून काढतां येतें. तोच नियम आपण कळव्याच्या अठरा ह्या आंकड्यास केवळ अभ्यासापुरता लावून पाहूं. समजा, अशा एखाद्या मोठ्या रुग्णालयांत दिवसाला सरासरी सहा मृत्यु होतात. तर केवळ योगायोगानें एका दिवशीं अठरा किंवा अधिक होण्याचा प्रसंग सुमारें साडेसतरा हजार दिवसांतून एकदां, म्हणजे ४८ वर्षांतून एकदां यावा. सरासरी नऊ धरली, तर तोच प्रसंग वर्षांतून सुमारें दोनदां येईल. सरासरी बारा धरली, तर दर सोळा दिवसांनीं एकदां! तेव्हां अठरा हा आंकडा अरिष्ट आहे कीं नेहमीचीच गोष्ट आहे, हें अठराकडे कितीही वेळ पाहिलें तरी कळणार नाहीं. त्यासाठीं आदल्या वर्षाच्या प्रत्येक दिवसाची नोंद हातीं हवी.

ह्या हिशेबास दोन पुरवण्या जोडल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, देशांत रुग्णालयें शेंकड्यांनीं आहेत. प्रत्येकाची सरासरी सहाच धरली, तरी सातशें रुग्णालयांपैकीं कोठें ना कोठें असा दिवस सुमारें पंचवीस दिवसांनीं येईलच. आणि वृत्तपत्रांत येईल तें त्या दिवसाचें त्या गांवचें नांव. एका वाईट दिवसावरून एका इस्पितळास फांशीं देणें म्हणून गैर आहे. दुसरी पुरवणी पहिलीच्या उलट आहे व ती अधिक महत्त्वाची. समजा, सरासरी नऊच निघाली व अठरांचा दिवस योगायोगांत बसला. तेवढ्यानें कोणाची सुटका होत नाहीं. कारण नऊ ही सरासरीच कां असावी, हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय हा नियम प्रत्येक मृत्यु दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असें गृहीत धरतो. एका परिचारिकेकडे दुप्पट खाटा आल्या, जवळचें दुसरें रुग्णालय स्थलांतरित झालें, पावसाळ्यांतील तापानें वॉर्ड भरले, म्हणजे मृत्यु स्वतंत्र राहत नाहींत. ते एकमेकांचा हात धरून येतात. ‘नेहमीच इतके मरतात’ हा बचाव नव्हे, ती कबुली असूं शकते.

आपल्या देशांत जिल्हा रुग्णालयांचें मोजमाप झालेंच नाहीं असें नाहीं. निती आयोगानें सप्टेंबर २०२१ मध्यें ७०७ जिल्हा रुग्णालयांच्या कामगिरीचा अहवाल प्रसिद्ध केला. लाख वस्तीमागें खाटा किती, डॉक्टर व परिचारिका ठरल्याप्रमाणें आहेत कीं नाहींत, तपासण्यांची सोय, खाटांचा वापर, शस्त्रक्रियांचें मान, रक्तपेढीचा व्यवहार अशा दहा कसोट्या त्यांत होत्या. लाख वस्तीमागें सरासरी २४ खाटा निघाल्या. २०१२ च्या सरकारी मानकाप्रमाणें किमान २२ हव्यात. वाचून समाधान वाटावें. परंतु ह्या सरासरीच्या एका टोंकास बिहारच्या ६ व दुसऱ्यास पुदुच्चेरीच्या २२२ आहेत, आणि ती २२ ची मर्यादा गांठणारीं रुग्णालयें ७०७ पैकीं केवळ २१७ होतीं. तथापि आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. ह्या दहा कसोट्या इस्पितळापाशीं काय आहे व तें किती राबतें एवढें सांगतात. तेथें गेलेल्या माणसाचें पुढें काय झालें, हें सांगत नाहींत. कॉडमनचा प्रश्न तेथें अजून विचारलाच गेला नाहीं.

तो प्रश्न महाराष्ट्रांत विचारला गेला, तो इस्पितळाबाहेर. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं खेड्यांखेड्यांतून प्रत्येक जन्म व प्रत्येक बालमृत्यु नोंदविण्याचा क्रम घातला. ३९ गांवांत शिकविलेल्या स्त्रिया घरोघर नवजात बाळांची शुश्रूषा करीत. तुलनेसाठीं ४७ गांवें नेहमीच्या व्यवस्थेवर होतीं. तिसऱ्या वर्षीं पहिल्या गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण दुसऱ्यांच्या मानानें शेंकडा ६२ नीं घटलें, हें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. २००१ सालीं ‘कोवळी पानगळ’ ह्या अहवालानें दाखविलें कीं, सरकारी दप्तरांत बालमृत्यु प्रत्यक्षापेक्षां फार कमी नोंदले जातात. ह्या कामाचें मर्म त्याच्या छेदांत आहे. छेद होता गांवांत जन्मलेलें प्रत्येक मूल. दवाखान्यांत पोंचलेलें व न पोंचलेलें, नोंदलेलें व न नोंदलेलें. त्यामुळें कोणतेंही मूल हिशेबांतून निसटूं शकलें नाहीं.

आमचें म्हणणें आतां स्पष्ट झालें असेल. इस्पितळाच्या भिंतींच्या आंत मोजलेला मृत्युदर हा, कितीही बारीक गणित केलें तरी, अपुरा राहतो. कारण रुग्ण ह्या दारांतून त्या दारांत जात असतो. खाजगी इस्पितळांत आठ दिवस ठेवून, पैसा सरल्यावर, ‘आतां सरकारींत न्या’ असें सांगितलेला रुग्ण कळव्यास येऊन सहा तासांनीं मरतो. त्याचा मृत्यु कळव्याच्या खात्यावर पडतो आणि त्या पहिल्या इस्पितळाची वही स्वच्छ राहते. अशा हिशेबावर जर आपण बक्षिसें व शिक्षा ठरवूं लागलों, तर जें दार बंद करील त्याचा गौरव होईल व जें उघडें ठेवील त्याची अब्रू जाईल. मग सरकारी दारेंही बंद होऊं लागतील, आणि तसें झालें तर ज्याला दुसरें दारच नाहीं, अशा शहापूरच्या शेतकऱ्यानें किंवा कोलशेतच्या कोळिणीनें कोठें जावें?

तेव्हां हिशेब इमारतीचा न ठेवतां माणसाचा ठेवावा. ठाणें जिल्ह्यापुरतें हें अशक्य नाहीं. प्रत्येक अत्यवस्थ रुग्णामागें चार गोष्टी लिहिल्या जाव्यात: तो कोठून पाठविला गेला, दुखणें सुरू झाल्यापासून दारांत येईपर्यंत किती तास गेले, आला तेव्हां त्याची नाडी, श्वास व शुद्धि कशी होती, आणि तीस दिवसांनीं तो जिवंत आहे कीं नाहीं. सरकारी, महानगरपालिकेचीं व खाजगी अशा सर्व इस्पितळांस हा नियम एकच असावा. आल्यापासून चोवीस तासांच्या आंत झालेले मृत्यु निराळे दाखवावेत. रुग्णाचा मृत्यु त्याला शेवटीं घेणाऱ्याच्याच नव्हे, तर पाठविणाऱ्याच्याही खात्यावर मांडावा. ह्या नोंदींवरून अपेक्षित व प्रत्यक्ष मृत्यूंचें गुणोत्तर दर तीन महिन्यांनीं जाहीर व्हावें, आणि शेजारीं त्या आंकड्यांत योगायोगाचा वांटा किती असूं शकतो तेंही छापलें जावें. लहान रुग्णालयांचे आंकडे फार हेलकावे खातात. त्यांची क्रमवारी लावूं नये, त्यांतील दीर्घकाळचा कल तेवढा पाहावा.

कोणी म्हणेल, जेथें डॉक्टरांचीच वाण, तेथें कोष्टकें भरावयास माणूस कोठून आणावा? आक्षेप वाजवी आहे. पण जेथें हिशेब नाहीं, तेथें डॉक्टर कमी असल्यामुळें किती माणसें गेलीं हेंही सिद्ध करतां येत नाहीं, आणि अधिक डॉक्टर मागण्याचें सर्वांत बळकट साधन हातून जातें. चौकशी समित्या दुर्घटनेनंतर बसतात व एका रात्रीविषयीं विचार करतात. नोंदवही वर्षाच्या साऱ्या रात्रींविषयीं बोलते. महाराष्ट्राला संख्याशास्त्र परकें नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले पां. वा. सुखात्मे व कोल्हापुरचे व. शं. हुजुरबाजार ह्यांनीं ह्या शास्त्रांत जगभर नांव मिळविलें. त्या विद्येचा उपयोग पिकांच्या अंदाजास झाला. तो आमच्या सिव्हिलच्या वॉर्डांसही होण्यासारखा आहे.

ठाण्यास नऊशें खाटांचें रुग्णालय उभारण्याचें ठरलें आहे. त्याच्या आराखड्यांत शस्त्रक्रियागृहें, उद्वाहक, प्राणवायूच्या नळ्या ह्यांचा विचार झाला असेलच. खाटा किती, हें उद्‌घाटनाच्या दिवशीं सांगितलें जाईल. त्या खाटांवर कोण, कोठून, कोणत्या अवस्थेंत आला व महिन्यानंतर त्याचें काय झालें, ही वही पहिल्या दिवसापासून उघडावी व ती कोणाही नागरिकास पाहतां यावी, एवढी मागणी ठाण्याच्या सुशिक्षित कुटुंबांनीं आजच करावी. पुढें ती करूं म्हटलें, तर मागच्या वर्षांचा छेद कोठूनही भरून काढतां येणार नाहीं.